‘संपर्क नाही’ असा शेरा पडलेली माणसं

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. व्यसनमुक्ती केंद्रात रुजू होतेयस आणि समुपदेशनाबरोबर फॉलोअपचं काम तुझ्याकडे आलंय, हे वाचून बरं वाटलं. केंद्राच्या पत्रकावर ‘80 टक्के यश’ असं छापलंय आणि वर्षअखेरीस तो आकडा ‘शास्त्रीय पद्धतीने’ काढून द्यायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय. कसा काढू, असं विचारतेस.

असे आकडे निघतात कसे, ते आधी बघ. समज, वर्षभरात 100 जण दाखल झाले. वर्षाने त्यातले 40 सापडले आणि 32 जण म्हणाले, ‘बंद आहे.’ 40 पैकी 32, झाले 80 टक्के! उरलेल्या 60 जणांच्या नावापुढे ‘संपर्क नाही’ असा शेरा पडला आणि ते हिशेबातून उठले. कुणी मुद्दाम लबाडी केली असंही नाही. जो बरा असतो तो पेढे घेऊन भेटायला येतो, जो पुन्हा प्यायला लागला तो केंद्राच्या रस्त्यानेसुद्धा जात नाही. संशोधनात बऱ्याचदा कडक नियम लावतात: जो सापडला नाही तो पीत आहे असं धरायचं आणि भागायचं सगळ्या 100 ने. मला हा नियम पुरता पटत नाही. सापडत नाहीत त्यातले काही चक्क चांगले असतात. नोकरीसाठी चाकणला नाहीतर सुरतेला गेलेले असतात, सिम बदललेलं असतं, मुलीचं लग्न ठरत असतं आणि केंद्राशी संबंध होता हे व्याह्यांना कळायला नको असतं. काही जण मात्र वारलेले असतात. तरी पत्रकावरच्या 80 पेक्षा हा कडक 32 मला जवळचा वाटतो, कारण त्याला वाढायला जागा आहे. तू जितके जास्त शोधशील तितका तो खरा होत जाईल.

म्हणून माझं ऐकशील तर वर्षभर त्या 60 जणांच्या मागे लाग. आकडा त्यातूनच निघेल, आणि उपचारही तिथेच होईल. दाखल असताना दारू बंद ठेवणं तुलनेने सोपं असतं, कारण दाराला कुलूप असतं, तीन वेळचं जेवण असतं, सोबत असते. घरी गेल्यावर पहिला पगार, पहिलं भांडण, पहिली हळद, तिथे खरी परीक्षा. त्या वेळी कुणाचा तरी फोन येणं म्हणजे उपचारच. रजिस्टरमध्ये त्याला ‘माहिती संकलन’ म्हणोत बापडे.

फोन कधी करायचा याचंही तंत्र आहे. संध्याकाळी सातनंतर नको. प्यायलेला माणूस फोनवर फार गोड बोलतो, सगळं कबूल करतो आणि सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही. पगाराच्या दिवशी नको, गावाकडचा असेल तर आठवडी बाजाराच्या दिवशीही नको. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर केंद्राचं नाव चुकूनही घ्यायचं नाही. तो नव्या नोकरीवर असतो, फोन शेजारी बसणाऱ्याच्या हातात असतो, ‘कुठून बोलताय?’ असा प्रश्न येतो. ‘त्यांच्या ओळखीची आहे, नंतर करते,’ एवढंच. दाखल असतानाच त्याला विचारून ठेव: माझा फोन आलेला चालेल का, कुठल्या वेळी, नाही लागला तर दुसऱ्या कुणाला केलेला चालेल. आणि ही संमती पहिल्या दिवशी घेऊ नकोस. पहिल्या दिवशी हात इतका थरथरत असतो की सही धड उमटत नाही, आणि डोकं त्याहून वाईट अवस्थेत असतं. पोटात चार दिवस अन्न टिकू दे, झोप लागू दे, मग कागद पुढे कर. ‘नाही’ म्हणाला तर नाही.

‘बंद आहे ना?’ असं कधीच विचारू नकोस. त्याचं उत्तर ‘हो मॅडम, बंद आहे’ हेच येणार. ‘शेवटची कधी घेतली?’ असं विचार, तेही आवाज न चढवता. आणि महिन्याचा हिशेब तोंडी मागू नकोस. भिंतीवरचं कालनिर्णय काढून जवळ घ्यायला सांग. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लागला, सगळं त्यावरच लिहिलेलं असतं. मग एकेक दिवस मागे जा. रविवारी काय होतं? साखरपुडा. कुणाचा? मावसभावाचा. तिथे कोण कोण होतं? जेवण झाल्यावर सगळे कुठे बसले? बोलता बोलता माणूस स्वतःच सांगतो, ‘तिथं झाली थोडी.’ लिंडा आणि मार्क सोबेल या संशोधक दांपत्याने या पद्धतीची नीट बांधणी केली. टाइमलाइन फॉलोबॅक असं तिचं नाव. कॅलेंडर समोर असलं की आठवण बरीच खरी होते.

‘थोडी’ म्हणजे किती हेही मोजायला शीक. आपल्याकडे मोजमाप क्वार्टरचं. क्वार्टर 180 मिलीची. विदेशी म्हणून जी मिळते तिच्यात 42.8 टक्के अल्कोहोल, म्हणजे एका क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली 10 ग्रॅमचं एक पेय धरते, त्या मापाने ‘रोज फक्त एक क्वार्टर’ म्हणजे सहा पेयं. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली 40 ग्रॅमच्या आसपास जाते. ‘मी दारू सोडली, आता नुसती बिअर घेतो’ असं सांगणारे भेटतील, त्यांच्यासाठी हा हिशेब पाठ असू दे. हातभट्टीचं मात्र काही सांगता येत नाही. तिथे फक्त ग्लास आणि दिवस लिही.

त्याने घेतली असं सांगितलं, तर पुढचं अर्धं मिनिट फार महत्त्वाचं. गळ्यात माळ घातलेला माणूस एका लग्नात घोटभर पितो, घरी येऊन माळ काढून खुंटीला अडकवतो आणि मग आठवडाभर पीतच राहतो. घोटाने जेवढं बिघडलं नसतं तेवढं ‘आता बाटलोच आहे’ या भावनेने बिघडतं. अॅलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हेच नेमकेपणाने मांडलं: एकदा पाय घसरणं वेगळं आणि पुन्हा व्यसनात पडणं वेगळं, आणि या दोन्हींच्या मधल्या काळात माणूस स्वतःला काय सांगतो त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. त्या मधल्या काळात तुझा फोन पोचला तर तू ‘अरेरे’ म्हणू नकोस. ‘बरं झालं सांगितलंत. आज काय करू या?’ असं म्हण.

आता थोडं अभ्यासाविषयी. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने केलेला एक अभ्यास मी नव्या मुलांना नेहमी वाचायला देते. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल वगैरे मंडळींचं काम, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं. गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांमधले, तब्येतीला घातक इतकी पिणारे 377 पुरुष. निम्म्यांना नेहमीची सेवा, निम्म्यांना त्याशिवाय समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका. आणि बैठका घेणारे कोण? मानसोपचाराची पदवी नसलेली, तिथलीच, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटात 36 टक्के जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात 26 टक्के. आधीच्या 14 दिवसांत थेंबही न घेतलेले पहिल्या गटात 42 टक्के, दुसऱ्यात 18. वर्षाने पाहिलं तरी फरक टिकून होता.

दुसरा गट नसता तर काय झालं असतं बघ. ‘36 टक्के यश’ म्हणून पत्रकं छापली गेली असती, आणि काही विशेष न करताही 26 टक्के सुधारले असते हे कुणाला कळलंच नसतं. तुझ्या केंद्रात असा दुसरा गट नाही. तेव्हा अहवालात ‘आमच्यामुळे’ हा शब्द घालताना हात आखडता घे. आणखी एक: हा अभ्यास घातक पिणाऱ्यांवरचा आहे, सकाळी उठल्याबरोबर घेतल्याशिवाय ज्याचा हात स्थिर होत नाही त्याच्यावरचा नाही. चार बैठकांनी त्याचं भागणार नाही. त्याला आधी डॉक्टर लागतो.

यावरून श्रावणाचं सांगते. गटारीला पोटभर पिऊन दुसऱ्या दिवसापासून महिनाभर एकदम बंद, हा आपल्याकडचा रिवाज. हौशी पिणाऱ्याला त्याने काही होत नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने असं अचानक थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम. भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली आणि माणूस दवाखान्याऐवजी देवऋषाकडे जातो. यात जीव जातो. आषाढ संपत आला की तुझ्या यादीतल्या घरांना एवढा एक निरोप देऊन ठेव: सोडायची असेल तर जरूर सोडा, पण डॉक्टरला विचारून.

दुसरा निरोप गोळीविषयी. ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती तू एसटी स्टँडच्या भिंतींवर पाहिल्या असशील. अशा पुड्यांत बऱ्याचदा काय असतं याचा पत्ता नसतो, आणि काही घरांतून डायसल्फिरामची गोळीच भाजीत कालवली जाते. ही गोळी घेऊन वर दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. न सांगता दिली तर तो माणूस पिणारच आणि मरायला टेकणार. हेच औषध त्याला सांगून, त्याच्या मर्जीने, घरच्या माणसाच्या देखत दिलं तर चांगलं काम करतं. मुंबईत 100 पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात वर्षाअखेर डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी 14 टक्के पुन्हा प्यायला लागले, नाल्ट्रेक्सोन हे दारूची ओढ कमी करणारं औषध घेणाऱ्यांपैकी 56 टक्के. दोन्ही गटांवर घरच्यांचं लक्ष होतं, हे त्यातलं विसरू नये असं कलम. औषधाचा निर्णय अर्थात डॉक्टरचा. तुझं काम, बायको ती गोळी कुठे ठेवते आणि कशी देते ते विचारण्याचं.

गर्दवाल्या, म्हणजे ब्राउन शुगर घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत मात्र फोन पहिल्याच आठवड्यात झाला पाहिजे. टर्की, म्हणजे नशा तोडल्यावरचा शरीराचा त्रास, काढून, महिना पूर्ण करून मुलगा घरी जातो. शरीराची सवय मोडलेली असते. एखाद्या दिवशी मन ढळतं आणि तो जुन्या मापानेच घेतो. ते माप आता त्याला पेलत नाही. लंडनमध्ये अशा नशेवर उपचाराला दाखल झालेल्या 137 जणांचा पाठपुरावा केला, तेव्हा पहिल्या चार महिन्यांत ओव्हरडोसने दगावलेले तिघेही, उपचार पूर्ण करून शरीराची सवय मोडलेल्या गटातले निघाले. म्हणजे रजिस्टरमध्ये ज्यांच्यापुढे ‘यशस्वी’ लिहिलं असेल, ते. हे ऐकल्यावर बुप्रेनॉर्फिनला, म्हणजे गर्दच्या जागी डॉक्टर देतात त्या औषधाला, ‘एक सोडून दुसरं लावायचं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटेनासं होतं. ते औषध चालू असलेली माणसं जगतात, एवढं मला पुरे आहे. तुझ्या केंद्रातही यावरून वाद होईल. तू नवी आहेस, भांडू नकोस, पण रजिस्टरमध्ये औषधाचा रकाना वेगळा ठेव.

बायकोला वेगळं विचार, आणि तो घरात नसताना. तो ‘सहा महिने झाले’ म्हणतो तेव्हा ती पलीकडून भांडी जरा जास्तच आपटते, ते फोनवर ऐकू येतं. पण तिच्या उत्तरावरून त्याला पकडायचं नाही. तिने सांगितलं हे त्याला कळलं तर रात्री मार तिलाच बसतो. अशा घरात आकडा सोडून दे आणि तिची सोय काय होईल ते आधी बघ.

पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तेव्हापासून तिथे एक गोष्ट रुजली: स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं कार्यकर्ते म्हणून उभी राहिली, आणि बायकांसाठी वेगळा गट चालला. तुझ्या केंद्रातही असे जुने कार्यकर्ते असतील. ते तुला पहिल्याच आठवड्यात विचारतील, ‘मॅडम, तुम्ही कधी प्यायलात का? मग तुम्हाला काय कळणार?’ खरं ते सांग आणि त्यांच्याच शेजारी बसून फोन लाव. हरवलेला माणूस कुठल्या टपरीवर भेटेल हे त्यांना ठाऊक असतं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेला गट, त्याच्या खुल्या सभेलाही त्यांच्याबरोबर जाऊन ये. पुष्कळ शिकलेल्या लोकांना ते भजनीमंडळ वाटतं. पण 2020 मध्ये 27 अभ्यास आणि 10,565 माणसांचा जो एकत्रित आढावा निघाला, त्यात पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर मान्यताप्राप्त उपचारांपेक्षा मागे नव्हता, थोडा पुढेच होता.

एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. म्हणजे तुझ्या दारापर्यंत जो आला तो मुळात 38 मधला एक. त्याला ‘संपर्क नाही’ म्हणून सोडणं मला परवडणारं वाटत नाही.

सोमवारी गेलीस की गेल्या दोन वर्षांची रजिस्टरं मागून घे. ज्यांच्यापुढे हा शेरा आहे त्यांची वेगळी यादी कर: नाव, गाव, दुसरा नंबर, शेवटचं बोलणं कधी आणि कुणाशी झालं. गर्दवाले वर घे, मग एकटे राहणारे, मग बाकीचे. रोज पाच फोन पुरेत. पत्रकावरच्या आकड्याबद्दल संचालकांशी आत्ताच बोलू नकोस, यादी निम्मी झाली की बोल आणि यादी घेऊनच जा. फोन न लागणाऱ्या घरांना 14446 हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा नंबर पोस्टकार्डावर, केंद्राच्या नावाशिवाय, पाठवता येतो का तेही विचार. आणि तुमच्या तालुक्याचा बाजार कुठल्या वारी असतो ते मला कळव, म्हणजे फोनचं वेळापत्रक लावून देते.

तुझी,
मॅडम