रात्रभर बोटीत, तेही पक्षी बघायला?

प्रश्न : आम्ही बोस्टनजवळ राहतो. नवरा पक्षीवेडा, आता म्हणतोय की ऑगस्टअखेर हायनिस बंदरातून ब्रुकलाइन बर्ड क्लबची रात्रभराची ट्रिप असते तिचं दोघांचं बुकिंग करू. मला व्हेल बघायच्या बोटीतसुद्धा बोट लागली होती. आणि रात्री अंधारात पक्षी दिसणार कुठून? जावं का?

उत्तर : अंधारात काही दिसत नाही हो, रात्र खर्ची पडते ती अंतरापायी. तिकडे समुद्र नँटकेट बेटाच्याही बराच पुढपर्यंत उथळ, साधारण २०० मीटरच्या आतच, आणि मग शंभरेक मैलांवर तळ एकदम कोसळतो, त्या कड्यात हायड्रोग्राफरसारख्या खोल घळी आहेत. उन्हाळ्यात गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहाचं कोमट पाणी भोवरे करत तिथवर येतं आणि त्याच्या मागोमाग पक्षी. बोट तासाला १०-१२ मैल चालणार म्हणजे नुसतं जायलाच आठ-दहा तास, एका दिवसात जाऊन-येऊन बघणार काय? म्हणून काही बोटी रात्री निघून पहाटे पोचतात, काही सकाळी निघून रात्र तिथेच काढतात.

नवऱ्याला ऑगस्टअखेरच का हवंय तेही सांगते. पांढऱ्या तोंडाचा स्टॉर्म-पेट्रेल, खोल समुद्रावरचा छोटासा पक्षी! अमेरिकेच्या किनाऱ्यापासून तो दिसला तर बहुतेक याच पट्ट्यात, याच दिवसांत. पंख ताठ धरतो, लांब पाय जोडून पाण्यावर आपटतो आणि टण्णकन पुढे, परत टण्णकन पुढे. उजाडताना बोटीवरून माशाचं तेल थेंबथेंब सोडतात, त्याचा तवंग मागे लांबवर पसरतो आणि या पक्ष्यांच्या चोचीवर नाकाच्या नळ्या असतात, वासावर ते वाऱ्याविरुद्ध नागमोडी उडत येतात. त्यामुळे पहाटे पुढे गर्दीत उभं राहू नका, मागच्या टोकाला जाऊन तवंगाकडेच बघत राहा. वास घाण येतो, इलाज नाही.

आता बोट लागण्याचं. गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच घ्यायची, मळमळायला लागल्यावर काही उपयोग होत नाही, आणि आधी एकदा घरी घेऊन बघा कारण काहींना नुसती झोप येते. मधल्या भागात, खालच्या डेकवर, डिझेलच्या धुरापासून लांब. नजर क्षितिजावर, मोबाइल बंद. उलटी आलीच तर संडासात कोंडून घेऊ नका, वारा ज्या बाजूला जातोय त्या बाजूच्या कठड्याशी जा, खलाशांना त्याचं काही वाटत नाही. एवढं करूनही व्हेलच्या बोटीत हाल झाले असतील तर माझं स्पष्ट मत, त्याला एकट्याला जाऊ द्या. आणि विमानाचं वगैरे बुकिंग असेल तर रद्द करता येणारंच घ्या, वादळांचा मोसम असतो, ट्रिप आयत्या वेळी रद्द होते.

प्रश्न : अशा बोटीवर खायला काय न्यावं?

उत्तर : कोरडं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आलेपाक. तळलेलं अजिबात नको. झोपायला अरुंद बंक मिळतो, स्लीपिंग बॅग न्या, ऑगस्टातही रात्री डेकवर थंडी वाजते.

प्रश्न : ताई, रत्नागिरीहून असं काही जमेल का? ओळखीचा एक तांडेल न्यायला तयार आहे.

उत्तर : पक्षी आहेत की! अंटार्क्टिकाकडे घरटी करणारा विल्सनचा स्टॉर्म-पेट्रेल तिथल्या हिवाळ्यात उत्तरेकडे येतो, तोच मॅसॅच्युसेट्सला दिसतो आणि तोच आपल्या अरबी समुद्रात. अडचण वेगळीच आहे. पक्षी जास्त पावसाळ्यात आणि तेव्हाच समुद्र खवळलेला, जून-जुलैत मासेमारीही बंद. दुसरं म्हणजे मुंबईसमोर समुद्राचा उथळ पट्टा सुमारे ३०० किलोमीटर रुंद, दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो, म्हणून खोल पाणी गाठायला गोवा, कर्नाटक त्यातल्या त्यात सोपं. तुमच्या तांडेलाला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विचारा, पण बोटीला माणसं न्यायची परवानगी आहे का, लाइफ जॅकेट सगळ्यांना पुरतील का, वायरलेस चालू आहे का हे बघून मगच, आणि पहिल्याच खेपेला रात्र काढायला जाऊ नका.

नाहीतर पावसाळ्यात पश्चिमेचा जोराचा वारा सुटला की किनाऱ्यावरूनच दुर्बीण लावा. कधी दमलेला पक्षी वाळूत पडलेला सापडतो, त्याला कळवळून परत पाण्यात सोडतात लोक, ते करू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, तोंडात मासे-पाणी कोंबू नका आणि वनखात्याला १९२६ वर कळवा.