किरकोळ मारामारीच्या केसमध्ये मोफत वकील मिळतो का?

बांधावरून झालेल्या मारामारीत तुमच्या भावावर केस झाली, तो जामिनावर आहे, तालुका कोर्टात तारीख लागलीय आणि गावात कुणीतरी सांगितलं की फुकटचा वकील फक्त खून-दरोड्याला मिळतो. मी तालुका कोर्टातच वकिली करतो. हे मला दर आठवड्याला ऐकू येतं, पण ते खरं नाही.

गैरसमजाला कारण आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०४ (आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३४१) मुख्यतः सत्र न्यायालयाबद्दल, म्हणजे खून-दरोड्यासारखे गंभीर खटले चालतात त्या कोर्टाबद्दल, बोलतं. पण मोफत वकील कुणाला मिळतो हे ठरवणारं, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ बघा. त्यात गुन्हा केवढा हे विचारलेलंच नाही, माणूस कोण हे विचारलंय. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीतले आरोपी, यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. भाऊ कोठडीत नाही, तेव्हा बहुधा उत्पन्नावरूनच अर्ज करावा लागेल. त्यासाठी उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र सहसा पुरतं; तहसीलचा दाखला असला तर जोडा.

सुक दास यांच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९८६ चा निकाल इथे कामाला येतो. अरुणाचलातल्या या माणसावर धमकी दिल्याचा आरोप होता, खुनाचा नव्हे. वकील नव्हता, दोन वर्षांची शिक्षा झाली. उच्च न्यायालय म्हणालं, त्याने वकील मागितलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली: ज्याला हक्कच माहीत नाही तो मागणार कसा, सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं काम. तरी कोर्ट सांगेल याची वाट बघत बसू नका. गर्दीच्या दिवशी तुमच्या वाट्याला दोन मिनिटं येतात.

कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. तारखेच्या आधी तिथे अर्ज द्या, नाहीतर १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा. तारखेपर्यंत वकील नेमला गेला नाही तर भावाने न्यायाधीशांना तोंडीच सांगावं, "साहेब, मला वकील हवाय, ऐपत नाही." तेवढं पुरतं.

एक गोष्ट मात्र वकील भेटेपर्यंत करायची नाही: कबुली. "कबूल कर, दंड भर, मोकळा हो" असं सांगणारे कोर्टाबाहेर भरपूर भेटतील. दंड थोडा असतो, पण दोषसिद्धी राहते आणि ती पोलीस पडताळणीत, नोकरीच्या अर्जात वर येते. साध्या दुखापतीचा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. ज्याला मार लागला तो तयार झाला तर आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच सुटतो. बांधाच्या भांडणात माझ्या मते आधी हाच रस्ता चाचपावा.

पॅनेलवरचे, म्हणजे समितीच्या यादीतले, सगळे वकील सारखे नसतात हेही सांगतो. कुणी तारखेला येत नसेल तर समितीकडे दुसरा मागा, आणि कुणी फी मागितली तर देऊ नका, लेखी तक्रार करा.