पलटणीला कळवलं का?

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत अमळनेरचे एक निवृत्त सुभेदार (क्लार्क)

प्रश्न: सुभेदार काका, माझे मिस्टर फौजेत नायक आहेत. सध्या बर्फातली पोस्टिंग, दोन-दोन आठवडे फोन लागत नाही. मागच्या महिन्यात सासऱ्यांच्या छातीत कळ आली. जळगावला खासगी दवाखान्यात अँजिओप्लास्टी झाली. डिपॉझिट भरल्याशिवाय हात लावत नव्हते, म्हणून गावातल्या एकाकडून दीड लाख घेतले, शेकडा तीन रुपये महिन्याने. त्याने कोऱ्या स्टॅम्पवर सासूबाईंचा अंगठा घेतला. कांदेबागाची केळी कापणीला यायला अजून चार महिने आहेत. फौजेकडून काही मदत मिळते का? मिस्टर म्हणतात, पलटणीत सांगू नको, इज्जत जाते.
— जवानाची पत्नी, रावेर तालुका

उत्तर: ताई, आधी त्या इज्जतीचं बोलू.

1991 साली मी एका युनिटात क्लार्क होतो. दिवसभर जवानांचे अर्ज टाइप करायचो. कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाचं घर पडलेलं. एक दिवस अमळनेरहून माझ्याच नावाने तार आली, ‘फादर सिरियस कम सून’. तेव्हा अशा तारा इतक्या यायच्या की साहेब लोक पुष्कळदा आधी खातरजमा करून घ्यायचे. मला सुट्टी मिळाली, पण पैशाचा अर्ज मी टाइप केला नाही. घरी येऊन बायकोची पोत आठ हजारांत गहाण टाकली. परत गेल्यावर सुभेदार मेजर साहेबांना कळलं. म्हणाले, “दुसऱ्यांचे अर्ज टाइप करतोस तेव्हा त्यांची इज्जत जाते का रे?” मी गप्प उभा राहिलो. पोत काही सुटली नाही.

तुमच्या मिस्टरांच्या बेसिकमधून दर महिन्याला किमान 6 टक्के एएफपीपी फंडात, म्हणजे फौजेच्या प्रॉव्हिडंट फंडात, कापले जातात. तो त्यांचाच पैसा आहे आणि घरच्या आजारपणासाठी त्यातून रक्कम काढता येते. पलटणीचा रेजिमेंटल फंड असतो तो वेगळा. त्यातून अडल्यानडल्याला मदत करणं सीओ साहेबांच्या, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांच्या हातात असतं. पण साहेबांना कळलंच नाही तर ते देणार कुठून?

फोन लागत नसेल तर जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. हे कार्यालय फक्त माजी सैनिकांचं आहे असा आपल्याकडे समज आहे. अनुदानाच्या बहुतेक योजना माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी आहेत हे खरं, पण नोकरीत असलेल्या जवानाच्या मागे राहिलेल्या घराची विचारपूस करणं हेही त्यांचंच काम. ते युनिटला पत्र लिहितात. जाताना मिस्टरांचा आर्मी नंबर, रँक, युनिट आणि ‘केअर ऑफ 56 एपीओ’ असा फौजी टपालाचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून न्या. आर्मी नंबर बायकोला माहीत नाही, अशी किती घरं पाहिली म्हणून सांगू! घरात कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

आता दवाखान्याचं बिल. सासरे तुमच्या मिस्टरांवर अवलंबून आहेत अशी नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे पलटणीच्या अधिकृत कागदावर, झाली आहे का? त्यांचं डिपेंडंट कार्ड आहे का? असेल तर आपल्या भागातल्यांना देवळालीचं मिलिटरी हॉस्पिटल आहे. इमर्जन्सीत खासगी दवाखाना गाठावा लागला, तर ठरलेल्या सरकारी दराने खर्च परत मागता येतो. त्यासाठी दवाखान्याकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड आणि मूळ बिलं आजच मागून घ्या. जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला लगेच कळवायचं असतं. तुमचा महिना गेला आहे, तेव्हा उशिराचं कारण लिहून अर्ज युनिटमार्फतच जाऊ द्या. नोंदच नसेल तर या बिलाची आशा कमी, पण पुढच्या सुट्टीत मिस्टरांनी पहिलं काम हेच करावं. लग्न आणि मुलांचा जन्म यांच्या नोंदीही त्याच वेळी तपासा.

राहिला तो गावातला माणूस. शेकडा तीन म्हणजे दीड लाखावर महिन्याला साडेचार हजार, वर्षाचे 54 हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का, ते तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे विचारा. 2014च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कोऱ्या स्टॅम्पवरचा अंगठा तर कायद्याला अजिबात मंजूर नाही. तो कागद परत आल्याशिवाय पुढचा हप्ता रोख देऊ नका. द्याल तो बँकेतून, म्हणजे पुरावा राहील.

प्रश्न: 1971च्या लढाईनंतर फौजेची संख्या कमी केली तेव्हा मला घरी पाठवलं. पेन्शन नाही. वय 75, बायको आजारी. महिना निघत नाही.
— माजी शिपाई, साक्री तालुका

उत्तर: दादा, हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या, पेन्शन नसलेल्या 65 वर्षांवरील गरजू माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा अनुदान मिळतं. ते 4,000 रुपये होतं, 1 नोव्हेंबर 2025 पासून 8,000 झालं आहे. पैसा येतो ध्वजदिन निधीतून, म्हणजे 7 डिसेंबरला शाळेत छातीवर झेंडा लावून पोरं जे पैसे देतात त्यातून.

अर्ज ऑनलाइन आहे, नातवाला बसवा. छाननी धुळ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात होईल. तुमच्या डिस्चार्ज बुकात घरी पाठवण्याचं कारण काय लिहिलं आहे, ते आधी नीट वाचून घ्या. ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असं लिहिलं असेल तर अडचण येते. संख्या कमी केल्याचं लिहिलं असेल तर मूळ बुक पिशवीत घालून सरळ धुळ्याची एसटी धरा.