त्याचं वाक्य पुरं होऊ दे

अगं,

वेस्ट फिलीतल्या, म्हणजे पश्चिम फिलाडेल्फियातल्या काळ्या वस्तीवरच्या तुझ्या डॉक्युमेंटरीचा रफ कट, म्हणजे कच्चं एडिट, दोनदा पाहिला. एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून, साउंडवाल्या माणसाची जुनी खोड. फ्रेम छान आहेत वगैरे सांगणारे तुला पुष्कळ भेटतील, ते सोड. तुझा मेल मात्र वाचून जरा पोटात कालवलं. "काका, मी ब्लॅक नाही, वेस्ट फिलीची नाही, मग ही फिल्म करायचा मला हक्क आहे का?" आणि इकडे तुझ्याच कटमधे सातव्या मिनिटाला तो बार्बर कात्री खाली ठेवतो आणि म्हणतो, "माझ्या वडिलांनी हे दुकान घेतलं तेव्हा", आणि तू कट मारून ड्रोनवर जातेस. तेव्हा काय? तेव्हा काय झालं गं? हक्काचं मागाहून बोलू, आधी त्या माणसाचं वाक्य पुरं होऊ दे.

ड्रोनचं तर सांगूच नकोस. रांगेतल्या घरांची छपरं वरून सुरेख दिसतात, मान्य. पण तू उडवतेयस कुठे ते तरी बघ. 13 मे 1985 ला ह्याच वेस्ट फिलीत ओसेज अव्हेन्यूवर मूव्ह नावाच्या काळ्यांच्या गटाच्या घरावर पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकला, आग लागली ती लागू दिली, 11 माणसं गेली, त्यातली 5 मुलं, आणि 61 घरं जळाली. खाली फुटपाथवर उभ्या असलेल्या शेजाऱ्यांना काय म्हणायचं होतं ते ऐकायला कुणीतरी खाली उभं राहावं लागतं. लुई मसाया हा फिल्ममेकर त्याच शहरातला, त्याने 1986 ला ह्यावर डॉक्युमेंटरी केली, निवेदन टोनी केड बंबारा ह्या लेखिकेचं. आणि ह्या माणसाने त्याआधीच, 1982 मधे, स्क्राइब व्हिडिओ सेंटर काढलेलं. तिथे वस्तीतलेच लोक आपल्या गल्लीची, आपल्या चर्चची गोष्ट ठरवतात आणि शूट करतात, शिकलेला फिल्ममेकर फक्त मदतीला असतो. दोन वर्षं त्याच शहरात राहून तू तिथे पाऊल टाकलं नाहीयेस आणि मला हक्काबद्दल विचारतेस, कमाल आहे.

हां, तुला रागावतोय खरा, पण माझी गोष्ट ऐक म्हणजे कळेल का ते. नेवार्कमधे आम्ही एक छोटी फिल्म करत होतो, घरमालकाने बिल्डिंगमधल्या लोकांना बाहेर काढलं त्यावर. आवाज मी घेतला आणि पैसे नव्हते म्हणून एडिटिंगही माझ्याच गळ्यात. एक साठीच्या बाई होत्या, चर्चच्या कॉयरमधल्या. त्या म्हणाल्या, "मला इतका राग आला की मी वीट उचलली." मी तिथे कापलं. काय दणकेबाज वाटलं होतं, वीट उचलली आणि कट टू ब्लॅक! मग चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या मांडून दाखवली, कॉफीच्या मोठ्या थर्मासशेजारी मी मिरवत उभा. संपल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "हनी, वीट मी दाराला लावली होती." पोरं सामान घेऊन आत-बाहेर करत होती, दार सारखं लागत होतं, म्हणून. सगळे हसले. त्या नाही हसल्या. त्यांचं वाक्य टेपवर अख्खं होतं, अजून माझ्या गॅरेजमधे आहे, फक्त मी ते पुरं होऊ दिलं नव्हतं. रागावलेली काळी बाई लोकांनी हजारदा पाहिलेली असते, दाराला वीट लावणारी बाई मला आयती मिळाली होती आणि मी ती कापून टाकली.

तेव्हापासून वाक्य मधे तोडायचं नाही म्हणजे नाही. एका चॅनेलने नंतर एका म्हाताऱ्याचं चाळीस सेकंदांचं बोलणं दहावर आणायला सांगितलं, मी नाही म्हटलं, काम गेलं. अशी चार गेली. तुझी काकू आजही म्हणते की तो तत्त्वाचा नाही, तुमच्या आडमुठेपणाचा प्रश्न होता, घराचा हप्ता तिच्या पगारातून जायचा त्यामुळे तिला बोलायचा अधिकार आहे. मोठं नाव मी काही केलं नाही हे तुलाही माहितीये. पण त्यानंतर एकाही माणसाने मला माझी वीट कुठे गेली असं विचारलेलं नाही.

आता तू म्हणशील रॅमेल रॉस ह्या फिल्ममेकरच्या हेल काउंटीवरच्या डॉक्युमेंटरीत तर कोणी सलग बोलतही नाही. बरोबर. तो 2009 मधे अलाबामातल्या हेल काउंटीत राहायला गेला, तिथल्या मुलांना शिकवलं, बास्केटबॉल कोचिंग केलं, मग जवळजवळ 1300 तास शूट करून 76 मिनिटं ठेवली. तू सहा शनिवार गेलीस. तूही 1300 तास कर, मग हवं ते तोड, मी तोंड उघडणार नाही.

व्हॉइसओव्हरमधलं ते दलित पँथरचं काढ. 1972 ला मुंबईत ते नाव इथल्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलं गेलं हे खरंय आणि मला ते फार जवळचं आहे, पण इथे ते तू स्वतःला आत घुसवायला वापरतेयस. इकडे न्यू जर्सीत एडिसनच्या गणपतीत ज्या काकू काळ्या वस्तीबद्दल "त्या बाजूला जाऊ नको हं" म्हणतात त्यांच्यासाठी वेगळी फिल्म कर, त्यात घाल, मीच साउंड करतो. बार्बरच्या दुकानात बार्बर बोलेल.

आणि मागे रेडिओवर गाणं वाजतंय, ते पुढच्या वेळी बंद करायला सांग. हेन्री हॅम्प्टनची 'आइज ऑन द प्राइज' ही अमेरिकेतल्या काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्यावरची 14 तासांची मालिका, जिच्यात तज्ज्ञ न बसवता प्रत्यक्ष तिथे असलेलेच बोलतात, ती जुन्या फुटेजचे आणि गाण्यांचे हक्क संपल्यामुळे कित्येक वर्षं टीव्हीवर दाखवता येत नव्हती, 2006 ला परत आली. तुझ्याकडे तर वकीलही नाही.

तर मला त्या सातव्या मिनिटाचा पूर्ण टेक हवाय. तू "कट" म्हटल्यावर त्याच्या कॉलरला लावलेला लेपल माइक चालूच राहिलेला ऐकू येतो, तो पुढचा भागही. फाइल मोठी असेल तर अपलोडच्या भानगडीत पडू नकोस, हार्डडिस्क घेऊन शनिवारी ये. ट्रेंटनला गाडी बदलायची, एडिसनला मी स्टेशनवर येतो, आणि येताना त्या बार्बरला विचारून ये की वडिलांनी दुकान घेतलं तेव्हा काय झालं.

काका