आधी पुस्तक की आधी सिरीयल?

प्रश्न : अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ॲट द विकारेज' वाचायला घेतलीय, पाव पुस्तक झालंय, पण मुलगी म्हणते आई एवढी डोकेफोड कशाला, टीव्हीवरची बघ, दोन तासांत खुनी कळतो. सोडून देऊ का? आणि बघायची तर कुठली?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, अजिबात सोडू नका! ही १९३० सालची, मिस मार्पल या म्हाताऱ्या हौशी डिटेक्टिव्हबाईची पहिली कादंबरी, आणि ती सांगतो कोण तर गावचा पाद्री, ज्याच्या स्टडीत कर्नल प्रोथेरोचा मुडदा सापडतो तोच. पहिल्याच प्रकरणात जेवताना मांस कापता कापता तो बोलून जातो की या कर्नलला कोणी मारलं तर जगावर उपकारच होतील, हे तुम्ही वाचलंच असेल. आता त्या घड्याळावर लक्ष ठेवा. उशीर होऊ नये म्हणून पाद्री ते मुद्दाम पंधरा मिनिटं पुढे ठेवतो, हे इन्स्पेक्टर स्लॅकला सांगायला जातो तर तो ऐकूनच घेत नाही! पुस्तकात हे बोलण्याच्या ओघात येतं त्यामुळे आपणही पुढे वाचत जातो, टीव्हीवर मात्र कॅमेरा घड्याळावर थांबला की लगेच कळतं, इथे काहीतरी आहे.

आणि मार्पलबाई बागेत काम करता करता कोण कुठे गेलं ते बघते, हाताशी पक्षी बघायची दुर्बीण असतेच. आपल्याकडे बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) बसून तिंट्यावर (बाजाराच्या नाक्यावर) कोण कोणाच्या गाडीतून उतरलं ते बघणाऱ्या मावश्या आहेत ना, तशीच, म्हणून गोव्यातल्या वाचकाला मार्पलबाईचं गाव सेंट मेरी मीड परकं वाटतच नाही.

पुस्तक संपलं की १९८६ची बीबीसीची बघा, जोन हिक्सनवाली. फार पूर्वी तिला नाटकात बघून खुद्द ख्रिस्तीबाईंनी लिहिलं होतं की एक दिवस तू माझी मिस मार्पल कर, आणि ती आहेच तशी, शांत, समोरच्याला बोलू देणारी. २००४च्या आयटीव्हीवालीत जेराल्डीन मॅकएवन छान काम करते पण तिथे मार्पलचं तरुणपणी एका विवाहित सैनिकावर प्रेम होतं असं घुसडलंय, मूळ पुस्तकात त्याचा पत्ताच नाही. त्याच मालिकेत 'द बॉडी इन द लायब्ररी'च्या शेवटी तर गुन्हेगारांपैकी एक बदलूनच टाकलाय, मला हे मुळीच पटत नाही.

तोवर मुलीला बजावून ठेवा, घरात खुन्याचं नाव काढायचं नाही.