सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) सुरू करून नऊ दिवस झाले. मास्क मध्यरात्री हवा सोडतो, घट्ट केला तर नाकावर वळ उठतात. नीट बसवायचा कसा?

आधी पट्टे सैल करा. सगळेच. मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की झोपताना मास्क व्यवस्थित असतो, रात्री दोन-अडीचला डोळ्यात वारा जायला लागतो, अर्धवट झोपेत तुम्ही पट्टा आवळता आणि सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ दिसतो. आता तर तीन वाजताच मास्क काढून उशाला ठेवता. दोन वर्षांपूर्वी माझंही हेच चाललं होतं. फरक एवढाच, की मी काढून उशाला ठेवत नव्हतो, भिरकावत होतो.

मी डॉक्टर नाही, शिंपी आहे. सांगलीत ब्लाऊज शिवण्यात एकतीस वर्षं गेली. मशीनच्या पोटात काय चालतं ते मला कामापुरतंच कळतं, पण फिटिंग कळतं. तरी गिऱ्हाइकाने केली असती तर मी हसलो असतो अशी चूक स्वतःच्या तोंडावर मी तीन आठवडे करत होतो. घट्ट म्हणजे फिट, असं धरून चाललो होतो.

मास्कचं कुशन दिवसा उजेडात हातात घेऊन बघा. बहुतेक सिलिकॉनच्या कुशनला दोन थर असतात. आतला जाडसर, आधार देणारा. बाहेरचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. हवा सुरू झाली की हा पापुद्रा फुगतो आणि चेहऱ्याच्या उंचसखल भागावर अलगद टेकतो. हवा अडवायचं काम तो करतो, पट्टा नव्हे. पट्टा फक्त मास्क जागेवर धरतो. तुम्ही पट्टा आवळलात की पापुद्रा चेपतो, त्याला चुणी पडते आणि त्या चुणीतून हवा सुटते. मग माणूस अजून आवळतो. मुंढा (बाही जोडायची जागा) चुकला असताना बाजूच्या शिवणी आत घेत बसावं, तसं.

डोळ्याकडून हवा सुटली म्हणजे वरचा पट्टा सैल, असंही समजू नका. माझ्या बाबतीत उलटं होतं. खालचे दोन पट्टे मी इतके ओढले होते की मास्क खाली दबून वरून उचलला गेला होता. खालचे सैल केले आणि डोळ्याचा वारा थांबला. उजवा-डावा पट्टा सारखा आहे ना, हेही बघा. आपला उजवा हात जास्त ओढतो.

आता दोन-अडीचलाच का, ते सांगतो. हे मला कळायला सगळ्यात उशीर लागला. झोपताना मशीन हळू सुरू होतं, रॅम्प म्हणतात त्याला. बहुतेक मशीनवर दाब 4 पासून 20 पर्यंत जातो (सेंटीमीटर पाण्याच्या मापात). तुम्ही पट्टे बसवता तेव्हा मशीन 4 किंवा 5 वर असतं, त्या वाऱ्याला कुठलाही मास्क बसतो. मग झोप लागते, अंग सैल पडतं, जबडा खाली येतो. उताणे झालात, किंवा पहाटेची स्वप्नांची झोप लागली, की घसा जास्त मिटतो आणि ऑटो मशीन दाब वाढवतं. माझं 11 पर्यंत जातं. 4 वर बसवलेला मास्क 11 ला टिकत नाही. बसून ट्रायल दिलेल्या ब्लाऊजने हात वर केल्यावर उसवावं, तशातली गत.

म्हणून मास्क बसवायचा तो आडवं पडून, स्वतःच्या रोजच्या उशीवर आणि पूर्ण दाबाला. काही मशीनमध्ये ‘मास्क फिट’ नावाची चाचणी असते, ती थोडा वेळ जोरात हवा सोडते आणि मास्क नीट बसलाय का ते दाखवते. ती नसेल तर सेटिंगमध्ये रॅम्प तेवढ्यापुरता बंद करा. दाबाचे मूळ आकडे मात्र स्वतः बदलू नका, ते डॉक्टरांचं काम.

मी असं करतो. पडतो, पट्टे सैल ठेवून मास्क चेहऱ्याला लावतो, आधी नाकाच्या हाडावर आणि मग खाली. मशीन सुरू करतो. हवा भरली की मास्क चिमटीत धरून चेहऱ्यापासून बोटभर पुढे ओढतो आणि हळूच परत टेकवतो. या एका हालचालीत पापुद्रा मोकळा होऊन सरळ बसतो; निम्मी गळती इथेच थांबते. मग खालचे पट्टे, मग वरचे, दोन्ही बाजू एकाच वेळी, वेल्क्रो अगदी दोऱ्याएवढा सरकवायचा. डाव्या कुशीवर वळतो, उजव्या कुशीवर वळतो, जबडा सैल सोडतो. जिथे फुसफुस येते तिथेच हात लावायचा, बाकीच्यांना नाही. शेवटी पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे. पहिल्या दिवशी याला वीस मिनिटं लागली, आता दोन लागतात.

आणि एकदा जमलं की ती जागा हरवू देऊ नका. पट्टे धुवायला काढले की वेल्क्रो कुठे होता ते कुणाच्या लक्षात राहतं? मी चारही पट्ट्यांवर वेल्क्रोचं टोक जिथे येतं तिथे लाल दोऱ्याचा एकेक टाका घातलाय. तुम्हाला सुई-दोरा नको असेल तर बॉलपेनची रेघ पुरते. पुढे इलॅस्टिक ताणलं की मास्क त्या खुणेवर सैल वाटायला लागतो. म्हणजे पट्टे बदलायची वेळ झाली हेही कळतं.

एवढं करूनही हवा सुटत असेल तर मग माप किंवा प्रकार चुकलाय. मला ज्याने मास्क विकला त्याने मला खुर्चीत बसवलं, तोंडाकडे एक नजर टाकली आणि ‘मीडियम’ म्हणाला. हवा लावली नाही, पडायला सांगितलं नाही, पट्ट्या-टेपचा तर प्रश्नच नाही. नजरेने माप सांगणारे शिंपी मी पाहिलेत, त्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात. 1981 मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार पहिल्यांदा मांडला, तेव्हा एकेका पेशंटच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेऊन त्याच्यापुरता मास्क बनवत आणि रोज रात्री तो सिलिकॉनने चिकटवून बसवत. म्हणजे मापाचा शिवलेला. आपल्या वाट्याला येतो तो रेडिमेड: स्मॉल, मीडियम, लार्ज. त्यामुळे निवडच महत्त्वाची.

कंपन्या मापाचा कागदी नमुना देतात, तो नाकावर धरून बघायचा असतो. नेटवरून छापून घेणार असाल तर छापल्यावर फूटपट्टी लावा. झेरॉक्सच्या दुकानात ‘पानात बसवा’ असं करून छापतात आणि सगळं माप आखडतं. माझ्या कागदावरचे 5 सेंटीमीटर 4.7 भरले होते. दुसऱ्यांदा छापला तेव्हा मी मीडियम नसून स्मॉल निघालो. मोठा मास्क डोळ्याकडून सुटतो, फार लहान नाकपुड्या चेपतो. ‘थोडा मोठाच घेऊ, असू दे’ हा विचार इथे चालत नाही.

प्रकार तीन. नाकावर बसणारा, नाकपुड्यांत टेकणारा (पिलो), आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. तुम्ही पूर्ण तोंडाचा घेतलाय असं तुमच्या वर्णनावरून वाटतं, दुकानात बहुधा तोच आधी पुढे करतात. पण अमेरिकन अॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या 2019 च्या मार्गदर्शिकेत कल नाकाच्या मास्ककडे आहे. पूर्ण तोंडाच्या मास्कचा घेर मोठा, म्हणजे गळायला जागा जास्त. नाक सतत चोंदत असेल किंवा तोंड उघडंच राहत असेल तर मात्र तोच लागतो. आधी नाकाचं बघा. सर्दी, ॲलर्जी, वाकडा पडदा यासाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे एक फेरी मारा. मिठाच्या पाण्याने नाक धुणार असाल तर उकळून गार केलेलंच पाणी घ्या. सकाळी तोंडाला कोरड पडत असेल तर तोंडातून हवा जातेय. ह्युमिडिफायर (मशीनची हवा दमट करणारा भाग) एक घर वाढवून बघा, नाहीतर हनुवटीचा पट्टा मिळतो, काहींना तो उपयोगी पडतो.

माझ्या नाकाच्या मास्कची खालची कड वरच्या ओठावर यायची आणि तिथे होती 1989 पासूनची मिशी. केसांच्या फटींतून हवा शीळ घालायची. घरच्यांचं मत होतं मिशी काढा. मी मास्क बदलला. पिलो नाकपुड्यांनाच टेकतात, मिशीचा प्रश्न उरत नाही, नाकाच्या हाडावर तर काहीच येत नाही. तुमचा वळ जात नसेल तर हा प्रकार एकदा बघाच. सुरुवातीला नाकपुड्या हुळहुळतात आणि जास्त दाबाला झोत टोचल्यासारखा वाटतो. आठवड्याने मला त्याचं काही वाटेनासं झालं, सगळ्यांचं तसं होईलच असं नाही.

बायकांसाठी एक गोष्ट लिहितो, ती मला दुकानात सहज कुणी सांगितली नव्हती. चमकी किंवा मोरणी नाकाच्या मास्कच्या कडेखाली आली की तिथे गळणारच, झोपताना ती काढा. अंबाडा घालून झोपत असाल तर मागचा पट्टा वर सरकतो. सैल वेणी घालून पुढे घ्या.

तेल हा आपल्याकडचा मोठा शत्रू. रात्री डोक्याला खोबरेल चोपडून, तोंडाला क्रीम लावून मास्क घातला तर तो रात्रभर घसरणार आणि सिलिकॉनही लवकर खराब होणार. वळावर व्हॅसलीन तर नकोच. झोपण्याआधी चेहरा धुवा, कोरडा करा. कुशन रोज सकाळी कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाने, पट्टे आठवड्यातून एकदा, वाळवायचं सावलीत. सॅनिटायझर, स्पिरिट लावू नका. गालावर पट्टा रुतत असेल तर जुन्या मलमलीची खोळ शिवा, पाच मिनिटांचं काम आहे. त्वचा फुटली असेल तर मात्र खोळीवर भागवू नका, दाखवून घ्या.

मास्कच्या पुढे बारीक छिद्रं असतात, त्यातून सतत हवा येते. ती गळती नव्हे. उच्छ्वास बाहेर जायची ती वाट आहे. मी एकदा त्यावर चिकटपट्टी लावायला निघालो होतो. सुनेने हात धरला म्हणून बरं. ती कधीच बुजवू नका. फार तर कूस बदला, कारण तो गार झोत शेजारच्याच्या मानेवर जातो आणि मग वेगळी कटकट होते. मशीनवर दिसणाऱ्या गळतीच्या आकड्यातही गंमत आहे: काही मशीन ही छिद्रांची हवा वजा करून दाखवतात, काही धरून. माझ्या मशीनला मिनिटाला 24 लिटरच्या वर गेलं की खटकतं. तुमच्या मशीनची मर्यादा तिच्या पुस्तिकेत बघा, दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका.

तुमच्या मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या क्लिपा आहेत का? घरात कुणाला पेसमेकर किंवा तसलं काही बसवलेलं असेल, तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला, तर तो मास्क वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सवयीचं म्हणाल तर मी दुकानाचं शटर ओढून आत काजं-बटणं करताना मास्क लावून बसायचो. पहिले दोन दिवस नुसता मास्क, नंतर नळी जोडून हवेसकट. हात कामात असले की तोंडावर काही आहे हे विसरायला होतं. तुम्ही टीव्हीसमोर करा. झोपेतच पहिली ओळख करून घ्यायची म्हटलं तर मेंदू घाबरणारच.

तपासणीत माझा श्वास तासाला 41 वेळा अडत होता. 30 च्या वर गेला की तीव्र म्हणतात. आता सकाळी मशीन 3 च्या आसपास दाखवतं. पोट हवेने फुगत असेल, किंवा मास्क नीट बसूनही दिवसा झापड येत असेल, तर तो मास्कचा विषय नाही, दाबाचा असू शकतो. डॉक्टरांना मशीनचा रिपोर्ट दाखवा. आणि तोवर गाडी चालवू नका.

आज रात्री एवढंच करा: पडून, पूर्ण दाबाला, मास्क पुढे ओढून टेकवा. सकाळी मास्कचा प्रकार, दाब आणि गळतीचा आकडा खाली लिहा. कवळी वापरता का तेही लिहा, तुम्ही वय 64 सांगितलंय म्हणून विचारतो. माझ्या थोरल्या भावाचा मास्क महिनाभर गळत होता. माप घेताना कवळी तोंडात होती आणि झोपताना ती वाटीत.