वाचकांचे प्रश्न : हीटसिंकला फिन्स किती आणि कशा?

प्रश्न : २० वॅटच्या एलईडी दिव्याला १०० × १०० मिमीचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) लावला आहे. त्याला ३० मिमी उंच, दीड मिमी जाड अशा २५ सपाट फिन्स (पात्या) आहेत. पंखा नाही. तरीही हात ठेवता येत नाही इतका तापतो. पिनच्या आकाराच्या फिन्स असलेला घेऊ का?

उत्तर : हीटसिंक तापतोय, म्हणजे एलईडीची उष्णता त्याच्यापर्यंत पोचते आहे. या तापण्याचा दोष एलईडी आणि हीटसिंक यांच्यामधल्या थर्मल पेस्टला देऊ नका. दोन फिन्समधली फट मोजा, जेमतेम अडीच मिमी भरेल. दुखणे तिथेच आहे. पंखा नसताना हवा तापून हलकी होते म्हणूनच वर सरकते, आणि हा जोर फार नाजूक असतो. फिनला लागून चढणारा गरम हवेचा थर वर जाताना जाड होत जातो. अरुंद फटीत समोरासमोरचे थर लगेच भिडतात. मग आतली हवा फिनइतकीच गरम, ती उष्णता घेणार कशी?

१०० मिमी उभ्या फिन्स आणि खोलीपेक्षा ४० अंश जास्त तापमान धरले, तर फट ७ मिमीच्या आसपास हवी. नवा घेण्याआधी मिलिंग मशीनवर एकाआड एक फिन उतरवून बघा. अडीच, दीड, अडीच मिळून साडेसहा मिमी होतात आणि १३ फिन्स उरतात. पृष्ठभाग निम्म्यावर येतो, पण हीटसिंक जास्त थंड राहतो. काप हलके घ्या, नाहीतर शेजारच्या फिन्स थरथरून वाकतात. हॅकसॉ इथे चालत नाही. पाते आडवे धरले की शेजारची फिनही कापली जाते. बसवताना फटी उभ्या ठेवा, खालून हवा शिरायला आणि वरून निघायला वाट मोकळी हवी.

पिनचा फायदा दिवा वेगवेगळ्या कोनांत वळवायचा असेल तेव्हा, कारण हवा कुठूनही शिरते. पिनाही दाटीवाटीने असतील तर हेच रडगाणे. टोकाकडे निमुळत्या फिनने धातू आणि वजन वाचते, थंडावा नाही : इतक्या संथ हवेत तुमच्या फिनचे टोक जवळपास मुळाइतकेच गरम असते.

प्रश्न : त्याच हीटसिंकवर पंखा बसवला तर?

उत्तर : मग अडीच मिमीची फट उत्तम, काही कापू नका. फक्त हवा फटींच्या लांबीच्या दिशेने सोडा आणि फिन्सच्या टोकांवर पत्र्याचे झाकण घाला, फटींची दोन्ही तोंडे उघडी ठेवा. झाकण नसेल तर हवा फटीत न शिरता वरूनच निसटते. धूळ हवा आत शिरते त्या तोंडाशी साचते, तिथे अधूनमधून ब्रश फिरवा.

प्रश्न : काळा ॲनोडाइज केलेलाच (विजेच्या प्रक्रियेने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवलेला) घ्यावा का?

उत्तर : पंखा नसेल तर ॲनोडाइज केलेला जरूर घ्या. उघडे चकचकीत ॲल्युमिनियम इन्फ्रारेड किरणांवाटे फारच थोडी उष्णता टाकते. रंग मात्र आवडीचा घ्या, इन्फ्रारेडमध्ये पारदर्शक ॲनोडायझिंगही जवळपास काळ्याइतकेच काम करते.